एएफ आहे, मग व्यायाम करायचा की नाही? घरच्या घरी बारा आठवड्यांचा रिहॅब, पायरी पायरीने

रिपोर्टवर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ (एएफ, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असं लिहून आलं की घरात सगळ्यात आधी काय होतं, तर त्या माणसाला खुर्चीत बसवून टाकतात. बाबा तुम्ही जिना चढू नका, आई तू ती पिशवी उचलू नकोस, आणि ज्याला झालंय तो स्वतःही घाबरलेलाच असतो त्यामुळे तोही निमूट ऐकतो, आणि सहा महिन्यांनी अशी वेळ येते की पहिल्या मजल्यावर जाताना धाप लागते आणि ती धाप एएफची की बसून बसून पाय कमजोर झाल्याची हे डॉक्टरलाही पटकन सांगता येत नाही. बहुतेक वेळा दोन्हीची असते.

हे लिहितोय ते अशा लोकांसाठी ज्यांना एएफ आहे, गोळ्या चालू आहेत, डॉक्टर ‘थोडा व्यायाम करा’ म्हणालेत, पण थोडा म्हणजे किती आणि कसा हे ओपीडीच्या गर्दीत विचारायचं राहून गेलंय. मोठ्या शहरांत कार्डियाक रिहॅबची (हृदयाच्या पेशंटला देखरेखीखाली व्यायाम करून घ्यायची) सोय काही हॉस्पिटलांत आहे, तुमच्याजवळ असेल तर पहिले काही आठवडे तिथेच करा, मॉनिटर लावून करण्याला तोड नाही. पण सांगली-लातूरकडच्या माणसाने काय करायचं, म्हणून हा घरचा प्लॅन. डॉक्टरने हिरवा कंदील दिल्याशिवाय यातलं काहीही सुरू करायचं नाही, हे एकदाच सांगतो.

आधी थोडं समजून घ्या, पुढचं सगळं त्यावर आहे

हृदयाचे वरचे दोन कप्पे एकदम आकुंचन पावायच्या ऐवजी नुसते थरथरत राहतात, मिनिटाला ३५० ते ६०० वेळा. खालच्या कप्प्यांकडे जाताना मध्ये एव्ही नोड आहे, म्हणजे ठोक्याचा विजेचा इशारा खाली पोचवणारं दार, आणि तिथे विरारच्या लोकलच्या दारासारखी अवस्था होते, सगळे एकदम घुसायला बघतात आणि त्यातले काहीच कसेबसे आत जातात, तेही कुठल्याच क्रमाने नाही. म्हणून नाडी वेडीवाकडी लागते. वरच्या कप्प्यांचा शेवटचा धक्का मिळत नाही त्यामुळे खालचा कप्पा नीट भरत नाही, आणि ठोके जितके फास्ट तितका भरायला वेळ अजून कमी. चालताना एकदम दम लागतो तो यामुळे.

व्यायामाने काय होतं? स्नायू रक्तातला ऑक्सिजन जास्त चांगला वापरायला शिकतात, त्याच कामाला हृदयाला कमी पळावं लागतं, बीपी उतरतं, वजन उतरतं, झोप सुधारते. २०२४ मध्ये कॉक्रेनचा (वेगवेगळे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) याच विषयावरचा रिव्ह्यू आला, २० ट्रायल आणि २०३९ पेशंट, त्यात व्यायामाच्या रिहॅबमुळे एएफ परत येण्याचं प्रमाण साधारण ३२ टक्क्यांनी कमी दिसलं, त्रासाची तीव्रता कमी झाली आणि फिटनेस वाढला. आयुष्य वाढतं असं मात्र त्यातून सिद्ध झालं नाही, कारण ट्रायल छोट्या आणि कमी काळाच्या होत्या, तेव्हा कोणी ‘व्यायामाने एएफ बरा होतो, गोळ्या सोडा’ असं व्हॉट्सॲपवर पाठवलं तर डिलीट करा. ऑस्ट्रेलियात ॲडलेडला ‘ॲक्टिव्ह एएफ’ नावाची ट्रायल झाली, १२० लोक, सहा महिने व्यायाम, हळूहळू आठवड्याला साडेतीन तासांपर्यंत नेलं, आणि वर्षाअखेरीस नेहमीच्या उपचारवाल्या गटात ८० टक्के लोकांना एएफ परत आला होता तर व्यायामवाल्यांत ६० टक्क्यांना. जादू नाही, पण एखाद्या गोळीने एवढं केलं असतं तर आपण ती रांगेत उभं राहून घेतली असती. अमेरिकेतल्या २०२३ च्या गाइडलाइनमध्येही एएफवाल्यांसाठी आठवड्याला २१० मिनिटांचं टार्गेट दिलंय. आपल्याला तिथे पोचायचंय, पण पहिल्या आठवड्यात नाही.

पायरी १: डॉक्टरकडून काय काय विचारून घ्यायचं

ईसीजी आणि टूडी इको झालेला असतोच. थायरॉइड तपासलं नसेल तर तपासा, थायरॉइड वाढलेलं असताना ठोके फास्ट राहतात आणि त्यावर व्यायाम करणं म्हणजे चुकीच्या टोकाने सुरुवात. हिमोग्लोबिन, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघून घ्या. मग हे प्रश्न कागदावर लिहूनच न्या: माझी व्हॉल्व्ह कशी आहेत, पंपिंग किती आहे, चालताना माझे ठोके कुठपर्यंत जातात (हे होल्टर, म्हणजे दिवसभर लावून ठेवायचा ईसीजी, किंवा टीएमटी, म्हणजे पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी, यावर कळतं), आणि किती ठोक्यांच्या वर गेलं तर मी थांबायचं.

व्हॉल्व्हचा प्रश्न आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे. बाहेरच्या देशांतला एएफचा पेशंट बहुतेक म्हातारा, बीपीवाला, वजनदार असतो, आपल्याकडे मात्र लहानपणी घसा दुखून संधिवाताचा ताप आला आणि त्यात मायट्रल व्हॉल्व्ह आखडली अशी पस्तीस-चाळिशीतली बाईसुद्धा एएफ घेऊन येते. व्हॉल्व्ह बऱ्यापैकी आखडलेली असेल तर ठोके वाढले की फुफ्फुसात रक्त तुंबतं, अशांनी हा प्लॅन स्वतःच्या मनाने करायचाच नाही. आणि त्यांची रक्त पातळ करायची गोळी पण बहुतेक ॲसिट्रोम किंवा वॉरफेरिनच असते, नवीन गोळ्या त्यांना चालत नाहीत, म्हणजे आयएनआरच्या (रक्त किती पातळ आहे ते बघायच्या) तपासण्या आल्या.

पायरी २: नाडी मोजायला शिका, घड्याळाच्या भरवशावर राहू नका

माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मुलाने परदेशातून स्मार्टवॉच पाठवलेलं असतं, काका चालता चालता दर मिनिटाला त्यात बघतात, एकदा ८४ दाखवतं, लगेच १३८, मग ९७, आणि काका तिथेच घाबरून बाकड्यावर बसतात. एएफमध्ये प्रत्येक ठोका वेगळ्या अंतराने पडतो आणि काही ठोके इतके अशक्त असतात की मनगटापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे घड्याळ, ऑक्सिमीटर, बीपीचं मशीन सगळेच थोडे फसतात. घड्याळाचा ईसीजी डॉक्टरला दाखवायला कामाचा आहे, चालताना स्पीड ठरवायला नाही.

नाडी अशी बघायची: पाच मिनिटं शांत बसा, अंगठ्याच्या बाजूला मनगटावर तीन बोटं ठेवा आणि पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं गणित इथे चालत नाही. बीपी तीनदा घ्या, मध्ये एक-दोन मिनिटं सोडून, आणि सरासरी काढा.

बसल्या जागी ठोके ११० च्या वर असतील तर दहा मिनिटांनी परत बघा, तरीही तेवढेच असतील तर आजचा व्यायाम बंद आणि डॉक्टरला फोन. वरचं बीपी १८० च्या किंवा खालचं १०० च्या वर, अंगात ताप, जुलाब, कालपासून छातीत दुखतंय, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढून पाय सुजलेत, यातलं काहीही असलं तरी बंद. एक छोटी वही करा: तारीख, बसल्या जागची नाडी, बीपी, किती मिनिटं चाललो, किती दम लागला.

पायरी ३: दमाची मोजपट्टी

मग स्पीड कशाने ठरवायचा, तर बोलण्याने. ‘२२० वजा वय’ हे जिममधलं सूत्र तर इथे पूर्णच बाद, कारण एक तर एएफ आणि वर मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल चालू असतं जे ठोके वाढूच देत नाही. चालताना शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, हा आपला स्पीड. गाणं म्हणता येतंय म्हणजे थोडं वाढवा, वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागतोय म्हणजे कमी करा. एकटे चालत असाल तर मोठ्याने दोन ओळी म्हणून बघा, लोक बघतील तर बघू देत.

फिजिओ लोक बोर्ग स्केल वापरतात, ६ ते २० आकड्यांची, ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत आणि २० म्हणजे जीव जायची वेळ. पहिले काही आठवडे ११ च्या आसपास, म्हणजे ‘हलकंच आहे’, नंतर १२-१३, ‘थोडं जड वाटतंय पण करू शकतो’. वहीत हाच आकडा लिहा.

पायरी ४: आज आपण कुठे आहोत ते मोजा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा अंगणासमोरच्या सपाट रस्त्यावर ३० मीटर मोजून दोन खुणा करा आणि सहा मिनिटांत किती मीटर होतात ते बघा, पळायचं नाही, दम लागला तर उभं राहायचं, घड्याळ चालू ठेवायचं. सोबत कोणीतरी हवंच. मग खुर्चीवरून हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजा. दोन्ही आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहा. दर चार आठवड्यांनी परत.

पायरी ५: बारा आठवडे

प्रत्येक सेशनचे तीन भाग, आणि पहिला आणि शेवटचा भाग कापायचा नाही. सुरुवातीला १० ते १५ मिनिटं वॉर्मअप: जागच्या जागी हळू पावलं, खांदे फिरवणं, घोटे फिरवणं, मग अगदी निवांत चालणं. एएफमध्ये एकदम जोरात सुरुवात केली की ठोके उसळतात आणि मग लवकर खाली येत नाहीत, हळू चढवले तर तेच हृदय बरंच सांभाळून घेतं. शेवटी १० मिनिटं परत हळू हळू चालत थांबायचं, कारण एकदम थांबलं की रक्त पायात साचतं, बीपी पडतं आणि बीपीच्या गोळीवर असलेल्या माणसाला चक्कर येते. मला विचाराल तर वेळ कमी असेल त्या दिवशी मधलं चालणं कमी करा, पण ही दोन टोकं ठेवा.

पहिले दोन आठवडे मधला भाग फक्त १० मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. सलग जमत नसेल तर पाच मिनिटं, बाकड्यावर दोन मिनिटं, परत पाच. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात १५ ते २०. पाचव्यापासून आठव्यापर्यंत २५ ते ३०, इथे बहुतेकांना वाटायला लागतं की आता आपण बरे झालो आणि मग एखाद्या रविवारी उत्साहाने डोंगर चढायला जातात, पर्वती म्हणा, वेताळ टेकडी म्हणा, तो मोह टाळा, चढ नवव्या आठवड्यानंतर आणि तोही छोटा. नवव्यापासून बाराव्यापर्यंत ३० ते ४० मिनिटं, आणि जमेल तसा सहावा दिवस जोडा. २१० मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास सातही दिवस किंवा ३५ मिनिटं सहा दिवस, बारा आठवड्यांत नाही जमलं तर सोळा घ्या, कोणी परीक्षा घेत नाहीये. आधी मिनिटं वाढवायची, स्पीड नंतर, आणि दोन्ही एकाच आठवड्यात कधीच नाही.

गुडघे दुखत असतील तर स्थिर सायकल हा उत्तम पर्याय, कमी टेन्शनवर. आणि हो, गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून खाऊ नका, रक्त पातळ करायच्या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका असतो. व्यायाम सुरू केलेल्या माणसाच्या हातून सगळ्यात सहज होणारी चूक हीच. कुठली वेदनाशामक गोळी चालेल ते आधीच विचारून ठेवा. ॲसिट्रोमवाल्यांनी काढे आणि चूर्णंही विचारूनच घ्यायची, आणि पालक-मेथी बंद करायची गरज नाही, फक्त एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही असं करू नका.

पायरी ६: ताकद आणि तोल

तिसऱ्या आठवड्यापासून आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून. खुर्चीवरून उठबस, भिंतीवर हात टेकून पुशअप, स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा वर करणं, एक लिटर पाण्याची बाटली घेऊन कोपरातून हात वाकवणं, थेराबँड (व्यायामाचा रबरी पट्टा) असेल तर तो खिडकीच्या गजाला बांधून मागे ओढणं. प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, आधी एकच राउंड, दोन-तीन आठवड्यांनी दुसरा.

नियम एकच पण कडक: श्वास रोखायचा नाही. जोर लावताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की बीपी आधी उसळतं आणि मग आपटतं. मोठ्याने आकडे मोजत केलं की श्वास आपोआप चालू राहतो.

तोलाचे व्यायाम लोक सोडून देतात कारण त्यात घाम येत नाही. पण रक्त पातळ करायच्या गोळीवरचा माणूस बाथरूममध्ये पडला तर प्रकरण साधं राहत नाही, म्हणून रोज ओट्याला धरून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून ३० सेकंद उभं राहा, मग एका पायावर १० सेकंद. पावसाळ्यात शेवाळलेल्या रस्त्यावर चालायला जाऊ नका, मॉलमध्ये किंवा घरातल्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारा, चप्पल नको, मागून बंद असलेले बूट घाला. आणि डोक्याला मार लागला तर, बरं वाटत असलं तरी, हॉस्पिटल.

योगासनांबद्दल सगळे विचारतात. अमेरिकेत कॅन्ससला २०१३ साली छपून आलेला एक अभ्यास आहे, अधूनमधून एएफ येणारे ४९ जण, तीन महिने आठवड्यातून दोनदा योग, त्यांचे जाणवणारे एपिसोड कमी झाले आणि चिंताही कमी झाली. छोटा अभ्यास, पण आपल्याला सोयीचा. अनुलोम-विलोम श्वास न रोखता करा, कुंभक नको. कपालभाती आणि भस्त्रिका जोरात नको. शीर्षासन, सर्वांगासन नको. सूर्यनमस्कार अगदी सावकाश, आणि खाली वाकून वर येताना चक्कर येत असेल तर सोडून द्या. योग हा चालण्याच्या जोडीला, चालण्याऐवजी नाही.

कधी थांबायचं

चालताना नेहमीच्या दमापेक्षा वेगळं काही वाटलं, एकदम धडधड सुरू झाली, डोकं हलकं झालं तर स्पीड कमी करा, बसा, एक मिनिट नाडी मोजा, वेळ लिहून ठेवा. डॉक्टरने अशा वेळी घ्यायची गोळी दिली असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्या आणि त्या दिवशी परत व्यायाम नाही, दुसऱ्या दिवशीही डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. छातीत दुखणं किंवा दाब, डोळ्यापुढे अंधारी येऊन पडणं, बसूनही न थांबणारी धाप, तोंड एका बाजूला जाणं, हात उचलता न येणं, बोबडं बोलणं, यात घरचा उपाय शोधत बसायचं नाही, १०८ ला फोन. पक्षाघातात एक-एक मिनिट मोलाचं असतं आणि ‘जरा झोपतो, बरं वाटेल’ यात ते जातं. चालायला जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा: नाव, घरचा फोन, एएफ आहे, अमुक रक्त पातळ करायची गोळी चालू आहे.

वेळ, ऊन, उपास

जेवणानंतर किमान दीड-दोन तास सोडा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत संपवा, नाहीतर घरात, कारण घामाने पाणी आणि पोटॅशियम जातं आणि त्यात लघवीची गोळी चालू असेल तर ठोके बिघडू शकतात. एकादशीला पाणी न पिता उपास आणि वर पाच किलोमीटर, असं पुण्य नको. उपासाच्या दिवशी फक्त वॉर्मअपएवढंच चाला. शनिवारी रात्री ‘बसणं’ झालं असेल तर रविवारी ठोके बिघडलेले असण्याची शक्यता जास्त, दारू आणि एएफचं नातं चांगलं माहीत असलेलं आहे, त्यामुळे व्यायाम एकीकडे आणि ते दुसरीकडे चालू ठेवून फायदा विचारू नका. रात्री खूप घोरत असाल आणि दिवसा पेंग येत असेल तर झोपेत श्वास अडकतो का याची तपासणी करून घ्या, ते तसंच राहिलं तर बाकीच्या मेहनतीवर पाणी पडतं. वजन जास्त असेल तर १० टक्के उतरवणं हे टार्गेट ठेवा, एका वर्षात.

अति पण नको. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्की रेस आहे, तिथल्या हजारो स्पर्धकांच्या अभ्यासात जास्त रेस केलेल्यांना आणि जास्त फास्ट असणाऱ्यांना ठोक्यांचे आजार जास्त आढळले. आपल्याकडे पन्नाशीत मॅरेथॉनचं खूळ लागलेले बरेच आहेत, एएफ असेल तर फुल मॅरेथॉनच्या आधी कार्डिओलॉजिस्टशी नीट बोला. जोराचे इंटरव्हल (नॉर्वेत चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू अशा पद्धतीने केलेल्या अभ्यासात एएफ कमी झाला) हेही मॉनिटरखालीच, घरी एकट्याने नाही.

ॲब्लेशन किंवा शॉक झाला असेल तर

ॲब्लेशनमध्ये (हृदयातल्या ठोके बिघडवणाऱ्या जागा निकामी करायची प्रोसिजर) जांघेतून नळी जाते, त्यामुळे पहिला आठवडा जड उचलणं, उकिडवं बसणं, सारखे जिने हे बंद, जागा दुखली-सुजली तर लगेच दाखवा. चालणं मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून घरातल्या घरात. डेन्मार्कमधल्या एका ट्रायलमध्ये ॲब्लेशननंतर महिनाभराने बारा आठवड्यांचा व्यायाम सुरू केला होता, तोच अंदाज धरा. पहिले दोन-तीन महिने मधूनच धडधड होऊ शकते, त्याचा अर्थ ॲब्लेशन फेल गेलं असा लगेच काढायचा नाही, पण कळवायचं. शॉक देऊन ठोके नीट केले असतील तर रक्त पातळ करायची गोळी पुढे किमान चार आठवडे एकही दिवस चुकता कामा नये, ठोके कितीही छान वाटत असले तरी, आणि त्यानंतर ती चालू ठेवायची का हे डॉक्टर ठरवेल, तुम्ही नाही. पेसमेकर असेल तर त्या बाजूचा हात पहिले चार ते सहा आठवडे खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे थेराबँड आणि भिंतीवरचे पुशअप तोपर्यंत बाजूला.

खंड पडला तर, आणि लग्नसराई, गणपती, आजारपण यात तो पडणारच, तर एक आठवडा गेला असेल तर आधीच्या आठवड्याच्या मिनिटांवर या, तीन आठवडे किंवा जास्त गेले असतील तर परत १० मिनिटांपासून, पण यावेळी दर आठवड्याला वाढवत, आणि सुरुवात करायच्या आधी सहा मिनिटांची टेस्ट परत करून वहीत लिहा.